मुंबई शहर उत्तर: मिटलेल्या मतदारसंघाच्या कामाच्या नोंदी

४ जानेवारी २०२५

वाचनालयाच्या भिंतीसाठी मुंबईच्या जुन्या लोकसभा मतदारसंघांचे फलक करायचे ठरले आहेत. माझ्या वाट्याला 'मुंबई शहर उत्तर' आलं. हे नाव १९५२, १९५७ आणि १९६२ या तीन सार्वत्रिक निवडणुकांत होतं. १९६७च्या यादीत ते नाही. पंधरा वर्षांचं आयुष्य, पण त्यात आंबेडकर, अशोक मेहता, डांगे, कृष्ण मेनन, कृपलानी एवढी माणसं उभी राहून गेली.

सगळ्या फलकांसाठी एकच तक्ता ठरलाय: वर्ष, विजयी उमेदवार, पक्ष, मतं, पराभूत उमेदवार, फरक. माझी पहिलीच ओळ त्यात बसत नाही. १९५२ला इथून दोन खासदार निवडून गेले, एक सर्वसाधारण जागेवर आणि एक राखीव जागेवर, आणि प्रत्येक मतदाराला दोन मतं होती. 'विजयी' रकान्यात दोन नावं घालणं सोपं आहे. 'पराभूत' रकान्यात काय घालायचं आणि 'फरक' कोणाचा कोणाशी काढायचा, तिथे अडतं.

७ जानेवारी

१९५२चे आकडे एका जागी मांडले. पहिले पाच असे:

विठ्ठल बाळकृष्ण गांधी (काँग्रेस) १,४९,१३८
अशोक मेहता (समाजवादी) १,३९,७४१
नारायण सदोबा काजरोळकर (काँग्रेस) १,३८,१३७
डॉ. बाबासाहेब आंबेडकर (शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन) १,२३,५७६
श्रीपाद अमृत डांगे (कम्युनिस्ट) ९६,७५५

निवडून आले पहिला आणि तिसरा. दुसरा हरला. आजच्या वाचकाला ही यादी दाखवली की तो आधी छपाईची चूक शोधणार, म्हणून नियम फलकावरच द्यावा लागेल. राखीव जागा असलेल्या दुहेरी मतदारसंघात आधी राखीव जागा भरायची: अनुसूचित जातींच्या उमेदवारांत ज्याला सर्वांत जास्त मतं, तो निवडून आला. मग उरलेल्या सगळ्यांत ज्याला सर्वांत जास्त, तो दुसऱ्या जागेवर. उरलेल्यांत राखीव प्रवर्गातला दुसरा उमेदवारही धरायचा. म्हणजे काजरोळकरांची स्पर्धा आंबेडकरांशी होती आणि मेहतांची गांधींशी. मेहतांना काजरोळकरांपेक्षा १,६०४ मतं जास्त पडली, तरी त्या आधिक्याचा त्यांना काही उपयोग नव्हता.

हे सगळं एका नियमात आहे. तरी आपल्याकडे ही निवडणूक सांगितली जाते ती कुस्तीसारखी: आंबेडकर विरुद्ध काजरोळकर, १४,५६१ मतांनी हार. आकडा बरोबर आहे. पण आखाड्यात दोघंच नव्हते आणि प्रेक्षकाच्या हातात दोन मतं होती. फलकावर १४,५६१ देणारच, पण एकटा देणार नाही.

९ जानेवारी

नकाशे करणारी मैत्रीण म्हणाली, "अरे, दोन मतं होती एवढं लिहिलंस तर लोक म्हणतील बरं, मग काय? त्यातून निघतं काय ते सांग." तिचं खरं आहे. संध्याकाळी वजाबाक्या केल्या.

फेडरेशन आणि समाजवादी यांची युती होती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि तिच्यावर चिन्ह: फेडरेशनचं हत्ती, समाजवाद्यांचं झाड. म्हणजे युतीच्या मतदाराने एक मतपत्रिका हत्तीच्या पेटीत टाकायची आणि दुसरी झाडाच्या. प्रत्येकाने तसं केलं असतं तर दोघांचे आकडे सारखे आले असते. आले नाहीत. मेहतांना आंबेडकरांपेक्षा १६,१६५ मतं जास्त आहेत. याचा अर्थ निदान १६,१६५ माणसांनी झाडाला मत दिलं आणि हत्तीला दिलं नाही. निदान म्हणतो, कारण उलट दिशेनेही काही जणांनी केलं असेल, तर हा आकडा तितकाच वाढतो. कमी कधीच होत नाही.

आता हा १६,१६५ त्या १४,५६१शेजारी ठेवायचा. मेहतांच्या प्रत्येक मतदाराने दुसरं मत आंबेडकरांना दिलं असतं, तर आंबेडकर निदान १,३९,७४१वर गेले असते आणि काजरोळकरांच्या पुढे राहिले असते. म्हणजे या निवडणुकीचं उत्तर विरोधकांच्या पेटीत शोधण्याआधी मित्राच्या पेटीत शोधायला हवं. समाजवाद्यांच्या नेत्यांनी युती मनापासून केली असेल, पण शब्द कार्यकर्त्यांपर्यंत गेला तरी चाळीतल्या सवर्ण मतदाराच्या हाताला दुसरी पत्रिका हत्तीत टाकणं जमलं नाही. का, हे मी फलकावर लिहिणार नाही. दोन वजाबाक्या शेजारी शेजारी छापल्या की वाचणारा लिहील.

काँग्रेसचीही तीच गत होती, हे मात्र छापायला हवं. गांधी आणि काजरोळकर यांच्यात ११,००१ मतांचं अंतर आहे. दोघंही बैलजोडीवर उभे होते आणि पाठीशी नेहरूंचं नाव होतं, तरीही निदान अकरा हजार काँग्रेसवाल्यांनी आपल्याच दलित उमेदवाराला मत दिलं नाही. फरक इतकाच की काँग्रेसची बेरीज मुळात मोठी होती, गळती सोसली.

१४ जानेवारी

कुजवलेली मतं. या निवडणुकीचा विषय निघाला की हा शब्द आल्याशिवाय राहत नाही.

पद्धत अशी होती. १९५२च्या मतपत्रिकेवर उमेदवारांची नावं नव्हती, शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह, आणि पत्रिका फक्त आत सोडायची. दुहेरी मतदारसंघात दोन पत्रिका मिळायच्या आणि त्या दोन वेगवेगळ्या पेट्यांत टाकणं बंधनकारक होतं. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर एक धरायची, दुसरी बाद. हे जाणूनबुजून करणं म्हणजे मत कुजवणं.

या मतदारसंघात ७४,३३३ मतं बाद झाली. हरलेल्या अंतराच्या पाचपट. आंबेडकर आणि मेहता या दोघांनी मिळून निवडणूक याचिका केली. त्यांचा आरोप होता की डांग्यांच्या बाजूने मतं कुजवण्याचा प्रचार झाला. याचिका फेटाळली गेली.

आता माझं मत. डांग्यांच्या मतदाराने दुसरं मत हत्तीला दिलं असतं तर डांग्यांच्या स्वतःच्या जागेचं गणित बिघडत नव्हतं. ते सर्वसाधारण जागेवर होते, त्यांची गाठ गांधी आणि मेहता यांच्याशी होती. दुसरं मत झाडाला दिलं असतं तर नुकसान होतं, हत्तीला दिलं असतं तर जवळजवळ काहीच नाही. म्हणजे त्या पेटीत दुसरी पत्रिका कुजली असेल तर ती आपल्या उमेदवाराला वाचवण्यासाठी कुजवायची गरज नव्हती. गिरणगावात लाल बावटा आणि फेडरेशन यांच्यात विस्तव जात नव्हता, त्याची ही किंमत. पण ७४,३३३ पैकी किती कोणत्या पेटीतल्या, हे एकूण आकड्यावरून सांगता येत नाही. त्यामुळे 'डांग्यांनी पाडलं' हे वाक्य फलकावर जाणार नाही. आरोप 'याचिकेतला आरोप' म्हणूनच जाईल.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे फारसं कोणी बघत नाही. १९३७च्या मुंबई इलाख्याच्या निवडणुकीत याच भागातून, भायखळा–परळमधून, आंबेडकर स्वतंत्र मजूर पक्षातर्फे उभे होते. समोर काँग्रेसने पी. बाळू यांना, म्हणजे क्रिकेटपटू बाळू पालवणकरांना उभं केलं होतं. आंबेडकर १३,२४५ विरुद्ध ११,२२५ असे निवडून आले. त्या वेळी मुंबई इलाख्यात एकाहून जास्त जागांच्या मतदारसंघात मतं साठवता येत होती: हातातली सगळी मतं एकाच उमेदवाराला द्यायला कायद्याची मुभा होती. लहान पण एकजूट गटाला ही पद्धत फायद्याची. आपली मतं इकडेतिकडे सांडायची नाहीत, एकाच ठिकाणी टाकायची, हे इथल्या कार्यकर्त्यांचं शहाणपण होतं. पंधरा वर्षांनी तेच केलं तर अर्धी मतं बाद. तेव्हाचा मतदार मर्यादित होता, १९५२ला एकवीस वर्षांवरचे सगळे आले, त्यामुळे सवयीने सगळं घडलं असं म्हणणं ताणलेलं होईल. तरी ७४,३३३मध्ये डावपेच किती आणि जुनी सवय किती, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. १९३७ची चौकट फलकाच्या डाव्या बाजूला घेतोय.

१५ जानेवारी

काजरोळकरांबद्दल 'लोणीविक्या' हा जो शेरा अत्र्यांच्या नावावर सांगितला जातो, तो घ्यावा असा आग्रह झाला. लोक थांबून वाचतील म्हणे. नाही घेणार. तो माणूस दोनदा खासदार झाला, १९७०ला पद्मभूषण मिळालं, आणि आपल्याला त्याच्याबद्दल आठवतं ते एवढंच की तो कोणासमोर उभा होता. शिवाय चर्मकार समाजातल्या एका कार्यकर्त्याला त्याच्या धंद्यावरून हिणवणारा शेरा आंबेडकरांच्या बाजूने म्हणून भिंतीवर लावायचा, यात कसला आला आंबेडकरांचा मान?

२१ जानेवारी

नकाशा. आजचा दिवस यातच गेला आणि कामाला खरी दिशा इथे मिळाली.

नावाच्या मागे लागून तीन निवडणुका एका ओळीत मांडल्या तर फलक खोटं बोलेल. १९५२चं 'मुंबई शहर उत्तर' म्हणजे बेटावरच्या शहराचा उत्तरेकडचा भाग: परळ, दादर, गिरण्या, चाळी. उपनगरांसाठी 'मुंबई उपनगर' असा वेगळा मतदारसंघ होता आणि तिथून जयश्री रायजी निवडून गेल्या. दक्षिणेत स. का. पाटील. उपनगरं शहराच्या कारभारात आली होती ती नुकतीच: १९५०ला बृहन्मुंबईची हद्द जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत गेली, १९५७ला दहिसर आणि मुलुंडपर्यंत.

१९५७ला मतदारसंघ पुन्हा आखले. गिरणगावाच्या दुहेरी मतदारसंघाला नाव मिळालं 'मुंबई शहर मध्य'. आणि 'मुंबई शहर उत्तर' हे नाव उचलून उपनगरांना दिलं. शहर उत्तरेकडे सरकलं, तसं 'उत्तर'ही सरकलं. मेनन जिथून निवडून आले ते आणि आंबेडकर जिथे हरले ते नावाने एक, जमिनीने वेगळं. या दोन निवडणुका एकाच जागेच्या इतिहासात पाठोपाठ दिलेल्या याद्यांचं मला नवल वाटतं. ज्याने ती यादी केली त्याने नकाशा उघडला नसणार.

जागांची संख्या मात्र तशीच राहिली. १९५२: दक्षिण, उत्तर (दोन), उपनगर. १९५७: दक्षिण, मध्य (दोन), उत्तर. १९६२: दक्षिण, मध्य दक्षिण, मध्य उत्तर, उत्तर. तिन्ही वेळा चार खासदार.

ठरलं: फलकाचे दोन पट्टे करायचे. वरच्या पट्ट्यात नाव धरून चालायचं (उत्तर ५२, उत्तर ५७, उत्तर ६२). खालच्या पट्ट्यात जमीन धरून चालायचं (उत्तर ५२, मध्य ५७, मध्य दक्षिण आणि मध्य उत्तर ६२). ज्याला गोष्ट कळून घ्यायची आहे त्याने खालचा पट्टा वाचावा.

मैत्रिणीने नकाशाचे रंग बदलून दिले. नावाला रेघ, जमिनीला रंग.

२५ जानेवारी

भंडाऱ्याची चौकट घ्यायची की नाही यावर घोळ. मुंबईच्या फलकावर भंडारा कशाला, हा आक्षेप रास्त आहे. पण १९५४ची भंडाऱ्याची पोटनिवडणूकही दुहेरी होती आणि तिथे हीच जोडी उभी होती. अशोक मेहता सर्वसाधारण जागेवर निवडून आले. आंबेडकर राखीव जागेवर काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले. आपल्या माणसांनी दुसरं मत कुजवावं, हा सल्ला त्यांना मान्य नव्हता. मुंबईत जे त्यांच्यावर उलटलं होतं तेच हत्यार भंडाऱ्यात वापरायला त्यांनी नकार दिला. युतीतला एक जिंकला आणि दुसरा हरला, दोन वर्षांत दोनदा कसोटी झाली आणि दोन्ही वेळा आंबेडकरांची पेटी मेहतांच्या मागे राहिली.

घेतली. चार ओळी, लहान टाइपात.

३० जानेवारी

१९५७, खालचा पट्टा. मुंबई शहर मध्य, दोन जागा. विजयी: श्रीपाद अमृत डांगे (कम्युनिस्ट) आणि गोपाळ काळूजी माने (शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन).

ही ओळ टाइप करून थांबलो. पाच वर्षांपूर्वी याच गिरणगावात एकाने दुसऱ्याची मतं कुजवल्याचा आरोप न्यायाधिकरणापर्यंत गेला होता. आता तेच दोन पक्ष एका गाडीत. मधे घडलं ते संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन. फेब्रुवारी १९५६मध्ये समिती स्थापन झाली, त्यात कम्युनिस्ट, प्रजा समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष आणि फेडरेशन एकत्र आले. नोव्हेंबर १९५६ला द्विभाषिक मुंबई राज्य झालं आणि मुंबईच्या हक्काचा प्रश्न मतपेटीत उतरला. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ला गेले. जी राखीव जागा त्यांना मिळाली नाही ती त्यांच्या पक्षाने ते गेल्यानंतर काही महिन्यांत जिंकली, आणि शेजारच्या जागेवर डांगे होते.

१९५२च्या आकड्यांत जी गोष्ट नुसती शक्यता म्हणून दिसते ती १९५७ला घडून गेली. काँग्रेसच्या विरोधातली मतं गिरणगावात आधीही होतीच: मेहता, आंबेडकर आणि डांगे यांची बेरीज काँग्रेसच्या दोघांपेक्षा जास्त भरते. मतदार तेच, चाळी त्याच. फक्त दुसरी पत्रिका कुठे टाकायची यावर या वेळी एकमत होतं. माझ्या मते या सबंध फलकावर सांगण्यासारखं एवढंच आहे, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं.

(ऑक्टोबर १९५७ला फेडरेशन विसर्जित होऊन रिपब्लिकन पक्ष झाला. म्हणजे माने निवडून आले त्या पक्षाच्या नावाने, जे नाव वर्षअखेर उरलं नाही. तळटीप.)

३१ जानेवारी

१९५७, वरचा पट्टा, थोडक्यात. मुंबई शहर उत्तर, आता उपनगरं, एकच जागा. व्ही. के. कृष्ण मेनन (काँग्रेस) १,७१,७०८, पीटर अल्वारिस (प्रजा समाजवादी) १,२३,९६७. फरक ४७,७४१. इथे फरक लिहिताना मनात काही येत नाही, एकास एक मत आहे.

अल्वारिस गोवा मुक्तीच्या लढ्यातले पुढारी. पुढे १९६३ला पणजीतून महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे खासदार झाले. मेनन जानेवारी १९५७मध्ये काश्मीरवर संयुक्त राष्ट्रांत जवळजवळ आठ तास बोलून आले होते आणि त्या प्रसिद्धीवर निवडणुकीत उतरले. समितीच्या लाटेत मुंबईच्या मध्यात काँग्रेस बुडाली असताना उपनगरांत ती तरली याचं कारण मेनन जितके आहेत तितकीच उपनगरांची वस्ती आहे: मराठी, गुजराती, दक्षिणेकडची, सिंधी, सगळी मिसळलेली. मुंबई कोणाची या प्रश्नाचं उत्तर लालबागेत एका आवाजात येत होतं, सांताक्रूझला तसं येत नव्हतं.

६ फेब्रुवारी

दुहेरी मतदारसंघ संपले कसे, याला एक परिच्छेद. १९५७ला आंध्रात पार्वतीपुरममध्ये व्ही. व्ही. गिरी हरले. राखीव जागेवर आदिवासी उमेदवार आलाच, पण उरलेल्यांत दुसऱ्या आदिवासी उमेदवाराला गिरींपेक्षा काही शे मतं जास्त होती, त्यामुळे सर्वसाधारण जागाही त्यालाच मिळाली. गिरी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९५९ला निकाल त्यांच्या विरुद्ध लागला: सर्वसाधारण जागा सगळ्यांसाठी असते. १९६१ला संसदेने कायदा करून दुहेरी मतदारसंघ बंद केले.

१९५२ला मुंबईत काजरोळकरांपेक्षा जास्त मतं घेऊन मेहता हरले तेव्हा कायदा बदलला नव्हता, आंबेडकर हरले तेव्हाही नाही. दोन्ही जागा राखीव प्रवर्गातल्या उमेदवारांना जाऊ शकतात हे दिसल्यावर चारच वर्षांत पद्धत गेली. हे वाक्य फलकावर ठेवू की नको यावर ग्रंथपाल बाईंशी बोललो. त्या म्हणाल्या, "तारखा आहेत ना तुमच्याकडे? मग तारखाच द्या, टोमणा नको." तारखा दिल्या.

मुंबई शहर मध्यचे दोन तुकडे झाले: मध्य दक्षिण (खुला) आणि मध्य उत्तर (राखीव). १९६२चे विजयी? मध्य दक्षिणमधून विठ्ठल बाळकृष्ण गांधी, डांग्यांना हरवून. मध्य उत्तरमधून नारायण सदोबा काजरोळकर. दहा वर्षांनी तीच जोडी, फक्त आता वेगवेगळ्या दारांतून. महाराष्ट्र १ मे १९६०ला झाला, समितीला धरून ठेवणारं कारण संपलं आणि विरोधकांची मतं पुन्हा आपापल्या घरी गेली. खालच्या पट्ट्याची मांडणी यामुळे आपोआप झाली: ५२ आणि ६२ सारखे, मधे ५७ वेगळं.

११ फेब्रुवारी

१९६२, मेनन विरुद्ध कृपलानी. याच्यावर एक वेगळी भिंत होऊ शकते, पण मी आटोपतं घेणार. देशभर गाजलेली लढत होती ती, म्हणून तिच्याकडे लोक आपोआप येतील.

आचार्य कृपलानी बिहारमधली सीतामढीची जागा सोडून मेननना पाडायला मुंबईत आले, अपक्ष म्हणून. चीनच्या सीमेवर काय चाललंय आणि संरक्षणमंत्री काय करताहेत, हा त्यांचा मुद्दा. स्वतंत्र पक्ष, जनसंघ, प्रजा समाजवादी असे एरवी एकमेकांच्या तोंडाकडे न बघणारे पक्ष त्यांच्यामागे. कम्युनिस्ट मेननच्या बाजूला. नेहरू स्वतः प्रचाराला उतरले. आणि मतदानाच्या दोन महिने आधी, डिसेंबर १९६१ला, गोवा मुक्त झाला. संरक्षणमंत्री मेननच. गोव्याशी घरोबा असलेली किती वस्ती वांद्र्यापासून बोरिवलीपर्यंत होती हे लक्षात घेतलं तर कृपलानींचा हिमालय मतदाराला लांबचा वाटला असेल यात आश्चर्य नाही. गोव्यासाठी सत्याग्रह करणारे अल्वारिस १९५७ला इथेच हरले होते, आणि गोव्याच्या जोरावर मेनन आणखी मोठ्या फरकाने जिंकले.

मेनन २ लाख ९७ हजारांच्या आसपास, कृपलानी दीड लाखाच्या थोडे वर. विधानसभेच्या सहाही विभागांत मेनन पुढे.

ऑक्टोबरमध्ये चीनने हल्ला केला. नोव्हेंबरमध्ये मेनन मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावल्याचं प्रत्येक मराठी घराला पाठ आहे. ज्यांची जागा त्यांनी घेतली ते मुंबईचेच खासदार होते, हे मात्र आमच्या गटातल्या तरुण मुलांना नव्याने कळलं. कृपलानी १९६३ला अमरोह्याच्या पोटनिवडणुकीतून लोकसभेत परतले आणि ऑगस्टमध्ये नेहरू सरकारवर पहिला अविश्वास ठराव त्यांनीच मांडला.

१८ फेब्रुवारी

शेवट. १९६७साठी पुन्हा आखणी झाली. उपनगरं एका खासदाराच्या आवाक्यात राहिली नव्हती, 'मुंबई शहर उत्तर'चे दोन झाले: ईशान्य आणि वायव्य. जुनं नाव यादीतून गेलं.

मेनन ईशान्येतून मागत होते. काँग्रेसने उमेदवारी स. गो. बर्व्यांना दिली: माजी आयसीएस अधिकारी, पुण्यात आयुक्त राहिलेले, राज्यात मंत्री. मेनन पक्ष सोडून अपक्ष उभे राहिले. शिवसेना जून १९६६ला स्थापन झाली होती आणि 'दक्षिणेकडचा' उमेदवार हा तिच्या प्रचाराचा आयता विषय होता. बर्वे सुमारे १३ हजार मतांनी निवडून आले आणि थोड्याच दिवसांत वारले. पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे उभ्या राहिल्या आणि मेनन त्याच जागेवर त्याच वर्षी पुन्हा हरले. मग १९६९ला मिदनापूर, १९७१ला त्रिवेंद्रम. मुंबई संपली.

१९५७ला याच उपनगरांनी मल्याळी उमेदवाराला डोक्यावर घेतलं होतं. दहा वर्षांत भाषेचा प्रश्न गिरणगावातून निघून उपनगरात पोचला. हे लिहिलंय, पण हा परिच्छेद 'मुंबई ईशान्य'च्या फलकावर जास्त शोभेल. तो करणाऱ्याला पाठवून दिला.

आज 'मुंबई उत्तर' नावाचा मतदारसंघ आहे. तो १९७७पासूनचा, पहिल्या खासदार मृणाल गोरे. माझ्या फलकावरच्या 'मुंबई शहर उत्तर'शी त्याची गल्लत होऊ नये म्हणून शीर्षकात 'शहर' ठळक करायला सांगितलं.

२२ फेब्रुवारी

मुद्रितं तपासली. १९५२च्या ओळीसाठी तक्त्याचा नमुना मोडायला समन्वयकांनी अखेर मान्यता दिली. 'फरक' रकाना काढून त्याजागी दोन ओळी:

राखीव जागा: काजरोळकर–आंबेडकर १४,५६१
सर्वसाधारण जागा: गांधी–मेहता ९,३९७

आणि खाली तिसरी, वेगळ्या रंगात: मेहता–आंबेडकर १६,१६५, 'झाडाला मत देऊन हत्तीला न दिलेले मतदार, कमीत कमी'. रंग कोणता यावर वाद झाला. निळा नको म्हटलं, पक्षाचा वाटेल. लालही नको, तेच कारण. करडा घेतला.

चिन्हांची चित्रं नव्याने काढून घेतली: बैलजोडी, झाड, हत्ती, कणीस-विळा. मतपेटीचा एक रेखाटलेला नमुना फलकाशेजारी टेबलावर ठेवणार आहोत. त्या निवडणुकीच्या बऱ्याच पेट्या विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात झाल्या, म्हणजे आपल्याच हद्दीत, हे चिठ्ठीवर येईल. मुलांना दोन चिठ्ठ्या द्यायच्या, चार पेट्या समोर, आणि संध्याकाळी नियमाप्रमाणे मोजणी. एकाच पेटीत दोन्ही पडल्या तर दुसरी बाजूला काढायची, त्यासाठी पाचवा डबा लागेल.

पुढचं: 'मुंबई मध्य'चा फलक माझ्याकडेच द्या असं सांगितलंय. १९६७ आणि १९७१ला रा. धों. भंडारे, मग ते राज्यपाल झाल्यावर जानेवारी १९७४ची पोटनिवडणूक: दलित पँथरचा बहिष्कार, वरळीची दंगल, काँग्रेसचे रामराव आदिक पराभूत आणि डांग्यांच्या कन्या रोझा देशपांडे विजयी. जमीन तीच आहे, त्यामुळे खालचा पट्टा तसाच पुढे ओढता येईल. भिंतीची रुंदी मोजून कळवायची आहे.